लहान राष्ट्रांचा शब्द

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेंत धर्मगुरूंनीं दिलेलें भाषण)



महोत्सव समितीनें या व्याख्यानमालेंतील एक सायंकाळ माझ्याकडे सोंपविली आणि विषयाची निवडही माझ्यावरच टाकली. धर्मावर मी दर रविवारीं बोलतोंच, व आपण तें सोशिकपणें ऐकून घेतां. तेव्हां आज थोडा निराळा, लौकिक विषय घ्यावा असें मीं योजिलें आहे. प्रश्न असा कीं, ज्या राष्ट्रापाशीं आरमार नाहीं, मोठा कोश नाहीं, आणि ज्याची लोकसंख्या आपल्याकडील एखाद्या तालुक्याएवढीच, त्या राष्ट्राचा शब्द जगाच्या राजकारणांत कोणी कां ऐकावा? आणि ऐकला जात असेल, तर तो कशाच्या बळावर?

या प्रश्नाचें एक उत्तर फार जुनें आहे. मोठा मासा लहान माशास गिळतो, या स्थितीला आपल्याकडील राजनीतिज्ञांनीं मत्स्यन्याय असें नांव दिलें. समुद्रकांठीं राहणाऱ्या आपणांस हा न्याय समजावून सांगण्याची गरज नाहीं. इतिहासांतही त्याचे दाखले पुष्कळ सांपडतात. ऑक्टोबर १९३५ मध्यें इटलीनें अबिसीनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, स्वारी केली. सम्राट हाइले सेलासी यांनीं ३० जून १९३६ रोजीं जिनीव्हा येथें राष्ट्रसंघापुढें स्वतः उभें राहून आपल्या प्रजेचें गाऱ्हाणें मांडलें. परिणाम काय झाला? पंधरवडाही लोटला नाहीं तोंच इटलीवरील आर्थिक निर्बंध उठविण्याचें ठरलें. न्याय अबिसीनियाच्या बाजूस होता. पण न्यायाच्या बाजूस कोणीच नव्हतें.

पुढें १९४५ मध्यें ५१ राष्ट्रांनीं संयुक्त राष्ट्रसंघ स्थापिला. आज त्याचीं १९३ सभासद राष्ट्रें आहेत. त्याच्या सनदेनें सर्व सभासदांस सार्वभौमत्वाच्या दृष्टीनें समान मानिलें आहे. सुरक्षा परिषदेंत पांच बड्या राष्ट्रांच्या हातीं नकाराधिकार आहे हें खरें. पण आमसभेंत चीनचें एक मत, तसेंच माल्टाचेंही एक मत. तथापि नुसतें मत असणें म्हणजे वजन असणें नव्हे. ग्रामसभेंत हात वर करण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो; पण कोण बोलूं लागला म्हणजे सभा शांत होते, हें आपण सर्वजण जाणतों. तें वजन कसें येतें, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

येथें आपल्यापैकीं कित्येकांच्या मनांत व्हॅटिकनचें नांव आलें असेल. त्या नगरराज्याचें क्षेत्रफळ अवघें ४४ हेक्टर. डिसेंबर १९७८ मध्यें बीगल सामुद्रधुनीजवळील बेटांवरून आर्जेंटिना व चिली हे देश युद्धाच्या अगदीं कांठावर आले असतां पोप दुसरे जॉन पॉल यांनीं कार्डिनल सामोरे यांस मध्यस्थीसाठीं धाडिलें, आणि २९ नोव्हेंबर १९८४ रोजीं दोन्ही राष्ट्रांनीं व्हॅटिकनमध्यें तहावर सह्या केल्या. हें उदाहरण मोठें आहे. परंतु तें आपल्या प्रश्नाचें उत्तर नव्हे. त्या दोन्ही देशांतील बहुसंख्य प्रजा कॅथलिक होती, आणि पोपांचा शब्द तेथें पडला नाहीं तो मुख्यतः त्या नात्यामुळें. ज्या लहान राष्ट्राला असें कोणतेंही नातें उपयोगीं पडत नाहीं, त्यानें काय करावें? म्हणून मी दुसरें एक राष्ट्र निवडतों.

तें राष्ट्र म्हणजे माल्टा. नांव आपणांस अपरिचित नाहीं. रोमकडे नेला जात असतां संत पौलाचें तारूं फुटलें व त्यावरील २७६ माणसें पोहत, फळ्यांना धरून ज्या बेटाच्या किनाऱ्याला लागलीं, तें हेंच, असें परंपरा सांगते. भूमध्य समुद्रांतील ३१६ चौरस किलोमीटरांचा हा द्वीपसमूह. तेथें नदी नाहीं, खनिजें नाहींत. गोदी तेवढी उत्तम. शतकानुशतकें तो एका सत्तेकडून दुसरीकडे जात राहिला व २१ सप्टेंबर १९६४ रोजीं इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. त्याच वर्षाच्या १ डिसेंबरला त्याला संयुक्त राष्ट्रसंघांत जागा मिळाली. तेव्हां त्याची लोकसंख्या सुमारें तीन लाख होती.

तेथें पाठविण्यासाठीं माल्टानें जो प्रतिनिधि निवडला त्याचें नांव आर्व्हिड पार्डो. त्याचा जन्म १९१४ मध्यें रोम शहरांत झाला. बाप माल्टाचा, आई स्वीडनची. दोघेही त्याच्या बालपणींच वारले. त्यानें रोमच्या विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय कायद्याचें अध्ययन केलें. महायुद्धाच्या काळांत फॅसिस्ट सत्तेला विरोध केल्यामुळें त्याला तुरुंगवास भोगावा लागला. युद्ध संपल्यावर तो संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेरींत एका साध्या जागेवर चाकरीस लागला. म्हणजे ज्या सभागृहांत पुढें त्यानें आपल्या राष्ट्राच्या वतीनें बोलावयाचें होतें, त्या संस्थेचीं दप्तरें त्यानें आधीं आंतून पाहिलीं होतीं. ही गोष्ट मनांत ठेवावी. तिचें महत्त्व पुढें दिसेल.

आतां समुद्राच्या कायद्याची त्या वेळची स्थिति थोडक्यांत सांगतों, कारण तिच्यावांचून पार्डोच्या कार्याचें मोल समजणार नाहीं. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं हिंदी महासागरावर आपली मालकी सांगितली. कार्ताझ नांवाचा त्यांचा परवाना ज्या गलबताजवळ नसे, तें ते पकडीत. १५३४ मध्यें वसई त्यांच्या हातीं आली. या किनाऱ्यावरील नाखव्यांनीं तो अंमल प्रत्यक्ष सोसला आहे. पुढें १६०३ मध्यें डचांनीं सिंगापूरनजीक एक पोर्तुगीज जहाज धरलें, आणि त्या कृत्याच्या समर्थनार्थ ह्यूगो ग्रोशिअस या तरुण डच कायदेपंडितानें जें लिहिलें, त्याचा एक भाग १६०९ मध्यें ‘मुक्त समुद्र’ या अर्थाच्या नांवानें प्रसिद्ध झाला. समुद्र कोणाचाच नाहीं, म्हणून तो सर्वांस मोकळा आहे, हें त्याचें प्रतिपादन. किनाऱ्यापासून सुमारें तीन मैलांची पट्टी त्या त्या देशाची. पलीकडचें पाणी सर्वांना मोकळें.

तत्त्व उदार होतें. पण मोकळ्या समुद्राचा लाभ ज्याच्यापाशीं मोठीं जहाजें त्यालाच मिळतो. विसाव्या शतकांत तर पाण्याबरोबर तळाचाही प्रश्न उभा राहिला. सप्टेंबर १९४५ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनीं आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळांतील संपत्तीवर हक्क सांगितला. १९४७ मध्यें चिली व पेरू यांनीं २०० मैलांपर्यंत अधिकार जाहीर केला. १९५८ मध्यें जिनीव्हा येथें करार झाला, त्यांत समुद्रतळावरील हक्काची मर्यादा २०० मीटर खोलीपर्यंत ठरविली. पण लगोलग असेंही लिहिलें कीं, त्यापुढें जेथवर संपत्ति काढणें शक्य होईल तेथवरही हा हक्क पोंचेल. या एका वाक्यांतील फट किती मोठी होती पाहा. ज्याचीं यंत्रें अधिक खोल जातील, त्याचा हक्कही तितका खोल जाईल! कागदावर कायदा, आणि आंत मत्स्यन्यायच.

हीच फट पार्डोनें जगाला दाखविली. ऑगस्ट १९६७ मध्यें माल्टानें हा विषय आमसभेच्या कार्यक्रमावर घालण्याची लेखी मागणी केली, आणि १ नोव्हेंबर १९६७ रोजीं आमसभेच्या पहिल्या समितीपुढें पार्डो बोलावयास उभा राहिला. तो सकाळच्या बैठकींत बोलला व दुपारच्या बैठकींतही बोलला. चार-पांच हजार मीटर खोल तळावर बटाट्याएवढे धातूंचे गोटे पसरलेले आहेत, त्यांत मँगॅनीज, निकेल, तांबें व कोबाल्ट आहे. तेथें अण्वस्त्रें दडविण्याचा मोह बड्या सत्तांना होईल. तेथें मलीन द्रव्यें टाकलीं जातील. आणि हें सर्व थोपविणारा एकही स्पष्ट नियम नाहीं, असें त्यानें सप्रमाण दाखविलें. मग त्यानें आपली सूचना मांडली: कोणत्याही एका राष्ट्राच्या अधिकाराबाहेर असलेला समुद्रतळ हा मानवजातीचा सामायिक वारसा मानावा, तो कोणीं बळकावूं नये, त्याचा उपयोग शांततेसाठींच व्हावा, त्यांतून येणारें उत्पन्न गरीब राष्ट्रांकडे विशेष लक्ष देऊन सर्वांच्या हितासाठीं खर्चावें, आणि या कामीं एक आंतरराष्ट्रीय संस्था उभारावी.

माल्टानें येथें काय मागितलें याकडे लक्ष द्या. त्यानें स्वतःसाठीं मदत मागितली नाहीं, कर्ज मागितलें नाहीं, कीं शेजाऱ्याविरुद्ध तक्रार केली नाहीं. त्यानें असा प्रश्न विचारला, ज्यांत शंभरांहून अधिक राष्ट्रांना आपलें हित दिसलें. स्वतःपुरतें मागणाऱ्या लहान राष्ट्राला याचक समजून वाटेला लावतां येतें. परंतु जो अनेकांच्या मनांतील गोष्ट प्रथम आणि नीट शब्दांत बोलतो, त्याला वाटेला लावणें कठीण जातें, कारण त्याच्या मागें हळूहळू रांग लागते.

ती रांग कशी लागली तें आंकडेच सांगतात. १९६७ च्या डिसेंबरांतच या प्रश्नाच्या अभ्यासासाठीं ३५ राष्ट्रांची समिति नेमली गेली. पुढील वर्षीं ती ४२ राष्ट्रांची कायम समिति झाली. १९६९ मध्यें, आंतरराष्ट्रीय व्यवस्था ठरेपर्यंत खोल तळावर कोणीं हात घालूं नये, असा ठराव आला. त्यास ६२ मतें अनुकूल, २८ प्रतिकूल, आणि २८ राष्ट्रें तटस्थ. म्हणजे विरोध पुष्कळ होता. पण १७ डिसेंबर १९७० रोजीं सामायिक वारशाचें तत्त्व आमसभेनें घोषित केलें, तेव्हां १०८ मतें अनुकूल पडलीं, १४ राष्ट्रें तटस्थ राहिलीं, आणि प्रतिकूल मत एकही नव्हतें. समुद्रतळावर अण्वस्त्रें न ठेवण्याचा करारही १९७१ मध्यें सह्यांसाठीं मांडला गेला व १९७२ पासून अमलांत आला. त्याच सुमारास, १९७० मध्यें, माल्टांत समुद्राच्या प्रश्नावर जगांतील विद्वानांची परिषद भरली. तिचें नांव ‘पाचेम इन मारिबुस’, म्हणजे समुद्रांवर शांति. पोप तेविसावे योहान यांच्या १९६३ सालच्या ‘पाचेम इन तेरिस’ या परिपत्रकाची आठवण त्या नांवांत आहे, हें आपल्या ध्यानांत आलेंच असेल.

परंतु ठराव म्हणजे कायदा नव्हे. कायदा करण्यासाठीं डिसेंबर १९७३ मध्यें मोठी परिषद सुरू झाली आणि ती १९८२ पर्यंत चालली. दीडशेंहून अधिक राष्ट्रें तींत सामील होतीं. येथें लहान राष्ट्रांच्या वजनाचें दुसरें कारण दिसून येतें. परिषदेनें आरंभींच असें ठरविलें होतें कीं, एकमत घडविण्याचा प्रत्येक यत्न संपल्याशिवाय मतदान घ्यावयाचें नाहीं. जेथें मतें मोजावयाचीं नसतात, तेथें मसुदा कोण लिहितो याला महत्त्व येतें. आणि मसुदा लिहिण्यासाठीं सर्वांचा विश्वास असलेला मनुष्य लागतो. बड्या राष्ट्राच्या माणसावर दुसऱ्या बड्या राष्ट्राचा विश्वास नसतो. म्हणून लेखणी वारंवार लहान राष्ट्रांच्या हातीं गेली. परिषदेचे पहिले अध्यक्ष श्रीलंकेचे अमरसिंघे होते. १९८० मध्यें ते निवर्तल्यावर सिंगापूरचे टॉमी को अध्यक्ष झाले. किनाऱ्यालगतच्या २०० मैलांच्या आर्थिक क्षेत्राविषयींचीं कठीण कलमें जुळवून आणण्यांत फिजीचे सत्य नंदन यांचा मोठा वाटा होता. हे गृहस्थ कायदा जाणणारे होते, वर्षानुवर्षें त्याच खुर्चीवर बसत होते, आणि प्रत्येक बाजूला काय सोसवेल व काय सोसवणार नाहीं हें त्यांना ठाऊक होतें.

३० एप्रिल १९८२ रोजीं अखेर मतदान झालें तेव्हां १३० राष्ट्रें अनुकूल, ४ प्रतिकूल व १७ तटस्थ होतीं. प्रतिकूल चारांत अमेरिका होती. १० डिसेंबर १९८२ रोजीं जमैका बेटावरील माँटेगो बे येथें करार सह्यांसाठीं खुला झाला व पहिल्याच दिवशीं त्यावर ११९ सह्या झाल्या. तो अमलांत येण्यास ६० राष्ट्रांची अंतिम मान्यता हवी होती. पहिली मान्यता त्याच दिवशीं फिजीनें दिली. साठावी १६ नोव्हेंबर १९९३ रोजीं गयानानें दिली. आणि वर्षभरानें, १६ नोव्हेंबर १९९४ रोजीं, करार कायदा झाला. पहिली सही लहान राष्ट्राची, साठावीही लहान राष्ट्राचीच. समुद्रतळाची देखरेख करणारी संस्था जमैकाच्या किंग्स्टन शहरांत बसली, आणि तिचे पहिले महासचिव तेच सत्य नंदन झाले.

आपण म्हणाल, या सर्वांचा आपल्या किनाऱ्याशीं काय संबंध? संबंध रोजचा आहे. या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबें मासेमारीवर जगतात. आपला नाखवा होडी घेऊन बाहेर पडतो तेव्हां किनाऱ्यालगतच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारें २२ किलोमीटर, भारताचा प्रादेशिक समुद्र असतो. आणि २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारें ३७० किलोमीटर, तेथील मासळीवर व तळावर भारताचा हक्क चालतो. परदेशी जहाजानें तेथें परवानगीवांचून जाळें टाकणें हा गुन्हा ठरतो, तो १९७६ च्या भारतीय कायद्यानें. आणि त्याच मर्यादांना जगाची मान्यता मिळाली ती याच करारानें. भारतानें १९९५ मध्यें तो अंतिमतः मान्य केला. खोल तळाच्या बाबतींतही आपला भाग आहे. गोव्यांतील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २६ जानेवारी १९८१ रोजीं ‘गवेषणी’ या जहाजावरून असे धातूचे गोटे प्रथम वर काढले. १९८७ मध्यें या कामीं अग्रणी म्हणून नोंद झालेलें पहिलें राष्ट्र भारत होय. आणि २००२ मध्यें किंग्स्टनच्या संस्थेशीं झालेल्या करारान्वयें मध्य हिंदी महासागरांतील ७५,००० चौरस किलोमीटर तळाचा शोध घेण्याचें काम भारताकडे आलें. भारतासारख्या विशाल देशालाही ही परवानगी ज्या संस्थेकडून घ्यावी लागली, तिची कल्पना तीन लाख वस्तीच्या बेटानें जगापुढें मांडली होती.

श्रोतेहो, येथवर ऐकून ही गोष्ट सर्वस्वी गोड वाटेल; परंतु तशी ती नाहीं, आणि अर्धेंच सांगणें हें सत्याला धरून होणार नाहीं. १९७१ मध्यें माल्टांत सरकार बदललें व पार्डोची जागा गेली. त्यानें सुरू केलेलें काम दुसऱ्यांनीं पुढें नेलें, आणि जें सिद्ध झालें त्यावर तो संतुष्ट नव्हता. कारण स्पष्ट आहे. २०० मैलांचीं क्षेत्रें सर्वांनीं आंखून घेतल्यावर महासागराचा सुमारें एकतृतीयांश भाग निरनिराळ्या राष्ट्रांच्या हक्काखालीं गेला, आणि किनाऱ्यालगतची सर्वांत उपयुक्त संपत्ति त्यांतच होती. सामायिक वारशाच्या वांट्याला उरला तो दूरचा, काळोखा, खोल तळ. ज्या २०० मैलांनीं आपल्या मच्छीमारांना आधार दिला, त्यांनींच पार्डोचें स्वप्न आंखूड केलें; दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शिवाय श्रीमंत राष्ट्रांनीं करारांत यावें म्हणून १९९४ मध्यें खोल तळावरील खाणकामाचे नियम त्यांच्या सोयीनें सैल करण्यांत आले. तरीही अमेरिकेनें तो करार अंतिमतः मान्य केला नाहीं. पार्डो १९९९ मध्यें वारला. त्यानें दिलेले तळसंपत्तीचे आंकडेही फुगलेले ठरले होते. त्याच्या भाषणानंतर अर्धें शतक लोटलें तरी व्यापारी प्रमाणावर एकही खाण तेथें सुरू झाली नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लहान असणें म्हणजे निःस्वार्थी असणें नव्हे. पॅसिफिक महासागरांतील नाउरू हें राष्ट्र केवळ २१ चौरस किलोमीटरांचें. जून २०२१ मध्यें त्यानें १९९४ च्या तडजोडींतील एका कलमाचा आधार घेऊन, दोन वर्षांत खाणकामाचे नियम पूर्ण करा, असें किंग्स्टनच्या संस्थेला बजावलें. कारण एका परदेशी कंपनीच्या कामाला नाउरूचा पुरस्कार होता. उलट पलाउ, फिजी व सामोआ या त्याच महासागरांतील लहान राष्ट्रांनीं जून २०२२ मध्यें खाणकाम थोपविण्यासाठीं फळी उभारली. एका कलमाच्या जोरावर एक लहान राष्ट्र सर्व जगाला घाई करूं शकतें, आणि तीन लहान राष्ट्रें त्याच्या आड उभीं राहूं शकतात. हत्यार दोहोंचें एकच, कायद्याचा शब्द. तें कशासाठीं उपसावें हा विवेकाचा प्रश्न आहे, व त्याला देशाचा आकार उत्तर देत नाहीं. एप्रिल २०२५ मध्यें अमेरिकेनें आपल्याच कायद्याखालीं खोल तळाचे परवाने देण्याचा मार्ग धरला, तेव्हां तर १९६७ चा प्रश्न जवळजवळ पहिल्या जागीं येऊन उभा राहिला.

मग पार्डोचें भाषण व्यर्थ गेलें काय? माझें उत्तर नाहीं असें आहे, आणि त्याला कारण आहे. माल्टानेंच १९८८ मध्यें हवामानाचा प्रश्न आमसभेंत आणला. ‘वारसा’ हा शब्द तेथें बड्या राष्ट्रांना रुचला नाहीं. म्हणून ६ डिसेंबर १९८८ च्या ठरावांत हवामानबदल ही मानवजातीची सामायिक चिंता आहे असें लिहिलें गेलें. १९९० मध्यें समुद्राची पातळी चढत असल्यानें भयभीत झालेल्या लहान द्वीपराष्ट्रांनीं आपला संघ स्थापिला. १९९२ मध्यें सिंगापूरच्या पुढाकारानें न्यूयॉर्क येथें लहान राष्ट्रांचें मंडळ उभें राहिलें. आरंभीं त्यांत १६ राष्ट्रें होतीं, आज शंभरांहून अधिक आहेत.

आणि २०१९ मध्यें पॅसिफिकमधील व्हानुआटू या द्वीपराष्ट्रांत कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनीं एक विचार मांडला: हवामानाला हानि पोंचविणाऱ्या राष्ट्रांचें कायदेशीर कर्तव्य काय, हें हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारावें. व्हानुआटूची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास, म्हणजे १९६७ मधील माल्टाएवढीच. त्याच्या सरकारनें तो विचार उचलला, दारोदार हिंडून पाठिंबा मिळविला, आणि २९ मार्च २०२३ रोजीं १३० हून अधिक राष्ट्रांच्या पुरस्कारानें आमसभेनें तो ठराव मतदानावांचून संमत केला. २३ जुलै २०२५ रोजीं न्यायालयानें एकमुखानें मत दिलें कीं, हवामानाची हानि टाळण्यासाठीं योग्य ती दक्षता घेणें हें राष्ट्रांवर कायद्यानें बंधनकारक आहे, आणि कर्तव्यभंग झाल्यास भरपाईचाही प्रश्न उद्भवूं शकतो. समुद्र चढून किनारा मागें सरला तरी एकदां विधिपूर्वक ठरलेलीं सागरी क्षेत्रें त्याबरोबर मागें सरलीं पाहिजेत असें नाहीं, असाही निर्वाळा न्यायालयानें दिला. हें मत सल्लावजा आहे. त्यानें उद्यां एकही धुराडें बंद होणार नाहीं. पण आतां बड्या राष्ट्राला, आम्हांवर बंधनच नाहीं, असें तोंड वर करून म्हणणें अवघड झालें. माल्टानें पाडलेल्या वाटेवरूनच व्हानुआटू गेलें.

तर मूळ प्रश्नाचें उत्तर असें दिसतें. लहान राष्ट्राचा शब्द जड होतो तो, प्रथम, तें सर्वांच्या हिताचें बोलतें म्हणून. दुसरें, त्याचा माणूस विषय जाणतो म्हणून. पार्डोनें फट दाखविली ती करार वाचला होता म्हणून. तिसरें, तें आपल्यासारख्यांची संगत जमवितें म्हणून. चौथें, तें बसून राहतें म्हणून. १९६७ पासून १९९४ पर्यंत सत्तावीस वर्षें गेलीं, आणि ज्यानें आरंभ केला त्याच्या हातीं शेवट नव्हता. यांपैकीं एकही गोष्ट तोफांनीं मिळत नाहीं. आणि या चारही गोष्टी असूनही सर्व कांहीं मिळतें असें नाहीं. मिळतो तो नियम, आणि दुबळ्याच्या हातीं नियमाइतकी टिकाऊ वस्तु दुसरी नाहीं. अबिसीनियाच्या सम्राटापाशीं न्याय होता, पण मागें कोणी उभें नव्हतें. व्हानुआटूच्या मागें जग उभें राहिलें, तें मधल्या काळांत अनेक लहान राष्ट्रांनीं नियमावर नियम रचून ठेवले होते म्हणून.

आपला समाजही या महाराष्ट्रांत लहानच आहे. येथें जमलेल्या तरुणांना मी इतकेंच सांगेन: आपल्या किनाऱ्याविषयीं जे कायदे होतात, जे मसुदे हरकतींसाठीं प्रसिद्ध होतात, ते मिळवून वाचा. आपल्या नाखव्यांचें म्हणणें ठरलेल्या मुदतींत, ठरलेल्या ठिकाणीं, नीट शब्दांत पोंचवा. आणि केवळ आपल्या गांवापुरतें न मागतां सबंध किनाऱ्याच्या वतीनें बोला.